डाव वस्तादाला सांगू दे की

आज सकाळी बेळगावात लेले मैदानावर अंडर-12 च्या फुटबॉल मॅचला गेलेलो, आमचा धाकटा खेळतोय म्हणून, आणि डोकं फिरवून घेऊनच घरी आलोय. दुपारचं जेवण पण गोड लागलं नाही. लांब लिहिणार आहे, ज्याला वाचायचंय त्यानं वाचा.

समोरच्या टीममध्ये एक पोरगं होतं, सात नंबरचं. बारकं, अंगातली जर्सी गुडघ्यापर्यंत आलेली. त्याचा बाबा लाइनवर नव्हे, लाइनच्या आत उभा. शिट्टी वाजल्यापासून तोंड चालूच. "अरे काय करूलालास! पास दे! नको नको, मार! झोपूलालास काय?" त्या पोराच्या पायात बॉल आला की ते गोलकडे बघायचंच नाही, आधी बापाकडे बघायचं, आणि तेवढ्यात बॉल दुसऱ्यानं नेलेला असायचा, मग परत शिव्या. एकदा त्याच्या बुटाची लेस सुटली. बसलं खाली, बांधली, सोडली, परत बांधली. मी अगदी जवळनं बघत होतो. त्याला उठायचंच नव्हतं ओ.

मला आमच्या अप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची आठवण आली. अप्पा स्वतः तालमीतले, तरुणपणी लाल मातीत बऱ्यापैकी नाव कमावलेलं, मला आनंदवाडीच्या आखाड्यात मोठ्या कुस्त्या बघायला घेऊन जायचे. एकदा मी गावच्या जत्रेत बारक्या पोरांच्या कुस्तीत उतरलो, हलगी वाजायला लागली, हजारभर माणूस गोल बसलेलं, आणि समोरच्या पोरानं घिस्सा डाव ओढला तो मी सरळ चितपट. मिनिट पण झाला नसेल. अप्पांच्या शेजारी बसलेला एकजण म्हणाला, पोराला पट काढायला सांगायचं की वो, तुम्हाला एवढं येतंय. अप्पा म्हणाले, "डाव वस्ताद सांगतात. माझं काम पोराला आणायचं."

एवढंच. ज्या माणसाला सगळे डाव येत होते तो गप्प बसला आणि ज्यांनी आयुष्यात बॉलला पाय लावला नाही ते आज कोच झालेत.

रेफरीचं तर बघवत नव्हतं. कॉलेजचं पोरगं, रविवारी सकाळी उन्हात पळूलालंय. थ्रो-इन झाला, बॉल सरळ आमच्या टीमच्या पोराकडे आला, की हे बाबा ओरडायला लागले, ऑफसाइड ऑफसाइड, पैसे खाल्लास काय रे! अहो थ्रो-इनवरनं थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतंय. कॉर्नरला पण नसतंय, गोलकिकला पण नसतंय. नियम आपल्याला माहीत नाही आणि ज्याला माहीत आहे त्याला चोर म्हणायचं, तेही बारा वर्षाच्या पोरांसमोर. आणि तो एकटा नव्हता. एकीकडनं कन्नडमध्ये "ओडो ओडो" (पळ पळ) चाललेलं, दुसरीकडनं मराठीत "पाड त्याला, पाड!" पाड म्हणजे? ते पण कुणाचं तरी पोरगंच आहे की!

मॅच संपल्यावर मी ग्रुपवर पोरांवर ओरडू नका म्हणून दोन ओळी टाकल्या तर लगेच एकाचं उत्तर, धाक नसला तर पोरं मोबाईल घेऊन बसतात, असल्या लाडानं मलप्रभा जाधव तयार होते काय. होय, पहाटे पाचला उठवायला थोडा धाक लागतो, मान्य. पण आपल्या तुरमुरीच्या त्या पोरीनं 2018 ला जकार्तात एशियन गेम्समध्ये कुराशचं (कुस्तीसारखाच खेळ) ब्राँझ आणलं तेव्हा मॅटवर तीच होती, बाहेरनं कुणी ओरडून ते पदक मिळत नाही. आमच्या तालमीत पैलवान खाशाबा जाधवांचा फोटो होता. वस्ताद नव्या पोरांना सांगायचे, 1948 ला लंडन ऑलिम्पिकला हे सहावे आले, मग 1952 ला हेलसिंकीला ब्राँझ. जायला पैसे नव्हते तर लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं. सपोर्ट याला म्हणायचं. आपल्याला घर गहाण टाकायला कोण सांगत नाही, तासभर तोंड बंद ठेवायला सांगतोय.

जत्रेत पण लोक ओरडायचेच, ते मला माहीत आहे. पण तो गाव ओरडायचा, बाप नव्हे. पोराला गावाचं काही वाटत नाही, बापाचं वाटतं.

मी हरलो त्या दिवशी अप्पा उठून आखाड्याच्या कडेला आले. मी रडत होतो. त्यांनी आधी जिंकलेल्या पोराच्या पाठीवर थाप मारली, त्याच्या हातात दोन रुपये ठेवले, मग माझ्या पाठीची माती आपल्या टॉवेलनं पुसली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "वस्ताद, पोरगं उद्या पण येतंय." घरी जाताना मी सायकलच्या दांडीवर. वाटेत कुस्तीचा क नाही. म्हैस व्यायला आलीय, या वेळी रेडी व्हायला पाहिजे, असलंच बोलणं. एके ठिकाणी थांबून भजी घेतली, कागदातनं तेल माझ्या मांडीवर गळलेलं आठवतं. मी दुसऱ्या दिवशी तालमीत गेलो. अप्पा तसं म्हणाले नसते तर गेलो नसतो, हे मी पक्कं सांगतो.

आजच्या त्या पोराला पार्किंगमध्ये बघितलं. बाबा गाडी स्टार्ट करतानाच "घरी चल, दाखवतो" म्हणत होते आणि आई मागं उभी, हातात डबा, त्यातल्या मोसंबीच्या फोडी तशाच. अहो दाखवायचं काय आहे? दोन-एकनं हरले, बारा वर्षाची पोरं आहेत!

लिहिता लिहिता राग जरा उतरला. तो माणूस काय वाईट नसेल, सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून पोराला घेऊन येतोय, कितीतरी बाप तेवढं पण करत नाहीत.

मी आयोजकांना फोन केलाय. पुढच्या रविवारी लाइनच्या दहा फूट मागं दोरी बांधायची, आईबाप दोरीच्या मागं. टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, सूचना फक्त कोच देणार. कुणी रेफरीला शिवी दिली तर तो माणूस गेटच्या बाहेर जाईपर्यंत मॅच थांबवायची. ते बघतो म्हणालेत. दोरी मी आणतो, बांधायला दोघंतिघं सात वाजता या.

आणि त्या सात नंबरच्या बाबांना कोण ओळखत असेल तर नाव इथं लिहू नका, भांडण नकोय. फक्त सांगा, पोराला पुढच्या रविवारी नक्की आणा. सेकंड हाफमध्ये बाबा फोनवर बोलायला बाजूला गेलेले तेव्हा त्यानं डाव्या पायानं एक क्रॉस टाकला, तो त्यांनी बघितलाच नाही. आमच्या कोचनं पण टाळी वाजवली.