'अंतराळात पेटंट चालत नाही' म्हणणाऱ्यांनी अवकाश कराराचं कलम ८ वाचलंय का?

रबाळे एमआयडीसीत माझ्या भाच्याचं वर्कशॉप आहे. उपग्रहाच्या इंधनप्रणालीसाठी त्याने एक व्हॉल्व्ह तयार केलाय. त्याचं ड्रॉइंग तो उद्योजकांच्या ग्रुपवर टाकायला निघाला होता, कारण हा फॉरवर्ड: "अंतराळ कोणाच्याच मालकीचं नाही, तिथे पेटंट चालत नाही. खर्च वाचवा. डिझाइन सोशल मीडियावर टाका, तारखेसकट पुरावा राहतो. इलॉन मस्कसुद्धा पेटंट घेत नाहीत." ठाणे-नवी मुंबईतल्या आणखी किती जणांनी हे खरं मानलं असेल, या विचाराने संताप होतो.

सगळ्यात घातक आहे तो डिझाइन टाकण्याचा सल्ला. पेटंटसाठी शोध नवा लागतो. अर्जाआधी जाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या लेखी नवी उरत नाही, मग ती तुम्ही स्वतः का जाहीर केलेली असेना! ज्या पोस्टला हे महाशय पुरावा म्हणतात, तीच उद्या कोणीही तुमच्या अर्जाविरुद्ध पुढे करील. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्याच प्रसंगांना. फेसबुक त्यात बसत नाही. तारीखच हवी ना? मग पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज करा. व्यक्तीला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे आणि पूर्ण तपशील द्यायला पुढे १२ महिने मिळतात. अर्ज तयार करून देणाऱ्या पेटंट एजंटचे पैसे वेगळे, हे खरं.

आता मालकीचं. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या कलम २ नुसार कुठलाच देश अंतराळावर मालकी सांगू शकत नाही. फॉरवर्ड लिहिणारा तिथेच थांबला. त्याच कराराचं कलम ८ सांगतं की वर सोडलेली वस्तू ज्या देशाच्या नोंदवहीत आहे, त्याचाच तिच्यावर अधिकार राहतो. अमेरिकेने १९९० मध्ये आपल्या अधिकारातल्या यानात लागलेला शोध अमेरिकेतच लागला असं मानणारा कायदा केला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या १९९८ च्या करारातलं कलम २१ सुद्धा नोंदणी कोणाची, हेच बघतं. आपल्या कायद्यात इतकं स्पष्ट कलम नाही, मान्य. पण व्हॉल्व्ह बनतो रबाळेत, विकला जातो बेंगळुरूत! नक्कल करणाराही तो जमिनीवरच बनवणार, आणि इथे बनवला-विकला तर भारतीय पेटंट पुरेपूर लागू. परदेशात संरक्षण हवं तर तिथे वेगळा अर्ज, तोही आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबून, नाहीतर परवानगी काढून.

राहिले मस्क. स्पेसएक्स या आपल्या रॉकेट कंपनीकडे जवळजवळ पेटंटच नाहीत, असं ते २०१२ मध्ये म्हणाले होते, हे खरं. कारणही त्यांनीच दिलं: छापलं तर चीन उचलेल. म्हणजे ते लपवतात, ग्रुपवर टाकत नाहीत. हीट ट्रीटमेंटचं तापमान असं लपवता येतं. व्हॉल्व्ह मात्र गिऱ्हाइकाला उघडून बघता येतो, त्याला पेटंटच हवं. आणि जॉबवर्कला ड्रॉइंग देण्याआधी समोरच्याची गोपनीयतेच्या करारावर सही घ्या.