फ्लॅकची ती ओळ चुकलीच, पण फाइल लागतेच

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. उत्तर लगेच लिहिलं नाही, कारण आधी स्वतः तपासून बघायचं होतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी छोट्या एमपी-थ्री प्लेअरमध्ये ठेवायची एक टेक्स्ट फाइल दिली होती. तिचं नाव ‘इज ऑडिओ प्लेअर’, शब्दांमध्ये अंडरस्कोअर आणि सुरुवातीला टिंब. ती सगळ्या फोल्डरांच्या बाहेर ठेवायची. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं रिदमबॉक्ससारखं गाण्यांचं सॉफ्टवेअर ती वाचतं आणि त्याला कळतं की या प्लेअरवर कुठल्या प्रकारची गाणी वाजतात आणि ती कुठे टाकायची. इचलकरंजीच्या या दादांनी फाइल जशीच्या तशी वापरली, चाळीस गाणी भरली, आणि एकही वाजलं नाही. त्यांचं म्हणणं असं: फाइल चुकीची आहे, यूएसबीला जोडल्यावर कॉम्प्युटरला सगळं आपोआप कळायला हवं, माणसाने हाताने लिहीत बसायचं कारण काय, आणि घरोघरी फोन असताना या खेळण्यापायी एवढा खटाटोप कशाला.

पहिलं म्हणणं पूर्ण खरं आहे. फाइलमधल्या आउटपुट फॉरमॅट्सच्या ओळीत मी एमपी-थ्री आणि डब्ल्यूएमए या फाइल-प्रकारांच्या पुढे फ्लॅकही (दर्जा न उतरवता गाणं साठवणारा प्रकार) लिहिलं होतं. रिदमबॉक्स गाणं भरताना हीच ओळ बघतं. गाण्याचा प्रकार त्यात नसेल तर आधी चालणाऱ्या प्रकारात बदलून घेतं. असेल तर काहीही न बदलता तसंच कॉपी करतं. तुमचा संग्रह सगळा फ्लॅकचा. मी फ्लॅक चालतं म्हणून लिहून ठेवलेलं, सॉफ्टवेअरने ते खरं मानलं. त्या ओळीत फ्लॅक नसतं तर चाळीसच्या चाळीस गाणी एमपी-थ्री होऊन गेली असती आणि तुम्ही त्याच संध्याकाळी ऐकत बसला असता.

फ्लॅक मी कुठून आणलं? खोक्यावर छापलं होतं म्हणून. आमच्या आबांची भजनं सगळी एमपी-थ्रीतच आहेत, त्यामुळे मला कधी अडचण आली नाही आणि मी कधी तपासलंही नाही. न तपासता लोकांना वापरायला दिलं, हे चुकलं. तुमची एक सुट्टी त्यात गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

यातून एक गोष्ट मला नीट उमगली. या फाइलमधल्या सगळ्या चुका सारख्या नसतात. चालणारा प्रकार लिहायचा राहिला तर फार तर गाणी विनाकारण बदलली जातात. थोडा वेळ जातो, दर्जा थोडा उतरतो. न चालणारा प्रकार लिहिला तर प्लेअर मुका होतो. म्हणून शंका असेल तो प्रकार लिहायचाच नाही. छोट्या प्लेअरवर फ्लॅकचा तसा फायदाही कमी. सीडीच्या दर्जाचं एक मिनिट कच्च्या स्वरूपात साधारण १० एमबी होतं, फ्लॅकमध्ये बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि १२८ केबीपीएसच्या एमपी-थ्रीत जेमतेम १ एमबी. माझा प्लेअर ४ जीबीचा आहे.

आता तपासलं कसं ते सांगतो, कारण ते तुम्हालाही करता येईल. फोनवर माझाच आवाज रेकॉर्ड केला: ‘हा एमपी-थ्री’, ‘हा डब्ल्यूएमए’, ‘हा ऑग’, ‘हा फ्लॅक’. प्रत्येक तुकडा ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये घेऊन त्या-त्या प्रकारात सेव्ह केला. मग ‘म्युझिक फोल्डरमध्ये’, ‘एका फोल्डरच्या आत’, ‘दोन फोल्डरच्या आत’, ‘तीन फोल्डरच्या आत’ असे बोललेले एमपी-थ्री त्या-त्या ठिकाणी ठेवले. काल सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलो तेव्हा इअरफोन लावून कागद-पेन घेऊन बसलो. एमपी-थ्री बोलला, डब्ल्यूएमए बोलला. ऑग आलाच नाही. फ्लॅकचं नाव पडद्यावर आलं, सेकंदांचा आकडा शून्यावर थांबला आणि प्लेअर पुढच्या फाइलवर गेला. दोन फोल्डरच्या आतला आवाज आला, तिसऱ्याचा नाही. जे कानाने ऐकलं तेवढंच आता फाइलमध्ये आहे.

दुसरा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. असा प्लेअर कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह म्हणून जोडला जातो. त्या वेळी तो दोन आकडे सांगतो, एक बनवणाऱ्याचा आणि एक मालाचा, आणि मी साठवणीचं साधन आहे, माझ्यात इतकी जागा आहे, एवढं कळवतो. गाण्यांबद्दल बोलायची सोयच त्या भाषेत नाही. एमटीपी नावाची दुसरी पद्धत आहे, यूएसबीच्या संघटनेने २००८ मध्ये तिचं प्रमाणीकरण केलं. तिच्यात विचारलं की यंत्र स्वतः कुठले प्रकार वाजवतं त्याची यादी देतं. पण ती यादीही पूर्ण असेलच असं नाही. लिबएमटीपी ही लिनक्सवरची लायब्ररी यंत्रांच्या खोडींची एक नोंदवही बाळगते. तिच्यात एक खूण खास अशा प्लेअरसाठी आहे, जे ऑग फाइलला ‘अनोळखी’ म्हणून दाखवतात. फ्लॅकसाठीही तशीच वेगळी खूण आहे. म्हणजे यंत्र बोलतं तिथेही कुणीतरी बसून ऐकून लिहिलेलं लागलंच.

पेनड्राइव्हसारख्या प्लेअरसाठीही अशी वही आहे. लिनक्सवर पूर्वी ही माहिती एचएएल या यंत्रं ओळखणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या फाइलींमध्ये असायची. एचएएल मागे पडल्यावर ‘मीडिया प्लेअर इन्फो’ नावाचा वेगळा संग्रह झाला. प्लेअर जोडला की यूडेव्ह हा जोडलेली यंत्रं हाताळणारा लिनक्सचा भाग त्याचे दोन आकडे बघतो, संग्रहात जुळणारी फाइल शोधतो आणि तिच्यातून सॉफ्टवेअरला प्रकार, फोल्डर, प्लेलिस्ट कळते. नामांकित कंपन्यांच्या मॉडेलांसाठी हे छान चालतं. स्वस्तातल्या प्लेअरमध्ये मात्र हे आकडे पुष्कळदा खोक्यावरच्या नावाचे नसतात, आतल्या चिपवाल्याचे असतात. तुम्ही प्रतिक्रियेत दिलेले आकडे मी माझ्या प्लेअरशी ताडून पाहिले. तंतोतंत तेच. खोकी वेगळी, बटणं वेगळी, आतलं सॉफ्टवेअरही वेगळं असू शकतं, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने तुमचा आणि माझा प्लेअर एकच. अशा ठिकाणी आकड्यांवरून केलेली ओळख कुणाच्या तरी बाबतीत चुकणारच. म्हणून वर्णन त्या-त्या प्लेअरच्या पोटातच ठेवायचं. आणि म्हणूनच माझी फाइल तुम्ही जशीच्या तशी वापरायची नव्हती. हे लेखात ठळक सांगायला हवं होतं, तेही राहिलं.

आता फोनचं. आबा ७८ वर्षांचे आहेत, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. मंगळवार पेठेतल्या भजनी मंडळात ते चाळीसेक वर्षं टाळ धरतात. फोनच्या गुळगुळीत काचेवर त्यांचं बोट कुठे पडेल याचा नेम नाही. या प्लेअरला उठावाची पाच बटणं आहेत, ती त्यांना अंधारातही सापडतात. पहाटे उठून ते मंडळाची रेकॉर्डिंग ऐकतात. पहिल्यांदा मी ती भरून दिली तेव्हा दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘रूपाच्या अभंगाआधी भैरवी लावलीस व्हय रं? भजन सुरू व्हायच्या आधीच संपलं की.’’ नावांपुढे मी ०१, ०२ असे आकडे घातले होते, पण हा प्लेअर नाव बघतच नाही. फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या, त्याच क्रमाने वाजवतो. फॅटसॉर्ट नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ती यादी नावाप्रमाणे लावून घेतली, तेव्हा भैरवी शेवटी गेली. रूपाचा अभंग, मग बाकीचे, मग गवळण, शेवटी भैरवी. हा क्रम त्यांच्यासाठी हट्टाचा नाही, ते भजनच तसं आहे. त्यासाठी मी हा खटाटोप करतो, आणि पुढेही करेन.

दुरुस्त केलेली फाइल मागच्या लेखात टाकली आहे, वर ‘फक्त माझ्या प्लेअरपुरती’ असं लिहून. बोललेले तुकडेही तिथेच ठेवलेत. ते तुमच्या प्लेअरवर टाका आणि माझ्या तोंडून कोणकोणतं वाक्य ऐकू येतं ते इथे कळवा. तुमच्या प्लेअरची वेगळी फाइल मी त्यावरून करून देतो. तोवर त्या ओळीतलं फ्लॅक तेवढं काढा, ती चाळीस गाणी पुसा आणि पुन्हा भरा.