‘फिफा’ नाव गेलं म्हणून मिलान गेलं? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

‘नाव बदललं, खेळ तोच’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ईए या व्हिडिओ गेम कंपनीनं फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेशी काडीमोड घेतला म्हणूनच तिच्या एफसी २५ या गेममध्ये इंटर मिलान क्लबचं ‘लोम्बार्डिया एफसी’ आणि एसी मिलानचं ‘मिलानो एफसी’ झालं. हे न सांगता मी कंपनीची वकिली केली. पूर्ण पैसे घेऊन खोटे क्लब देणं ही फसवणूक आहे. आणि कोनामी कंपनीच्या ‘पेस’ या फुटबॉल गेममध्ये पेनड्राइव्ह लावला की सगळं खरं व्हायचं, ते इथे का नाही?

फसवणुकीचा राग मला रास्त वाटतो, त्यावर पुढे येतो. पण पहिला मुद्दा तारखांपुढे टिकत नाही.

फिफाशी फारकत १० मे २०२२ ला जाहीर झाली. फिफा २३ हा त्या नावाचा ईएचा शेवटचा गेम, आणि एफसी २४ आला २९ सप्टेंबर २०२३ ला. त्या एफसी २४ मध्ये, म्हणजे फिफाचं नाव गेल्यानंतरही, मिलानचे दोन्ही क्लब खऱ्या नावानिशी होते. ते गेले पुढच्या वर्षी, कारण दोघांनीही कोनामीच्या ई-फुटबॉल या गेमशी (‘पेस’चंच नवं नाव) एक्सक्लुझिव्ह करार केले. आता उलटं पाहा. फिफा २० च्या कव्हरवर ‘फिफा’ ठळक छापलेलं होतं, तरी आत युव्हेंटसच्या जागी ‘पिएमॉन्टे काल्चो’ होतं. तीन आवृत्त्या तसंच चाललं, आणि फिफा २३ मध्ये युव्हेंटस परत आला. फिफाचं नाव असतानाच क्लब गेला आणि असतानाच परतला. मग दोष त्या नावाला कसा द्यायचा?

त्या पिएमॉन्टेच्या संघाकडे जरा बारकाईनं पाहा. रोनाल्डोचं नाव खरं, चेहरा खरा. खोटं काय, तर क्लबचं नाव, लोगो, किट आणि स्टेडियम. कारण खेळाडूंची नावं प्रामुख्यानं फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेमार्फत मिळतात, तर क्लबची ओळख लीगकडून किंवा थेट क्लबकडून. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचा करार सगळ्या क्लबांना व्यापतो. म्हणून मँचेस्टर युनायटेड कोनामीचा भागीदार झाला तरी ईएच्या गेममध्ये तो जसाच्या तसा राहिला. इटलीत क्लब आपले हक्क वेगळे विकू शकतात, आणि तिथेच भोक पडतं. बायर्न म्युनिकचं उदाहरण आणखी बोलकं आहे: बुंडेसलीगा या जर्मन लीगच्या करारामुळे फिफा २० मध्ये संघ राहिला, पण त्यांचं स्टेडियम आलियान्झ अरेना मात्र कोनामीकडे गेलं. ब्राझीलमध्ये तर खेळाडूंचे हक्क एकेकाकडून घ्यावे लागतात, म्हणून तिथल्या क्लबांत काल्पनिक नावांचे खेळाडू दिसत आले.

फिफाकडून मिळत होतं ते नाव आणि वर्ल्ड कप. फिफा २३ मध्ये कतारचा वर्ल्ड कप मोफत अपडेटमध्ये आला होता. एफसी २४ मध्ये २०२४ चा युरो आला, कारण तो युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेचा. चॅम्पियन्स लीगही युएफाचीच: पेस २०१८ पर्यंत ती कोनामीकडे होती, फिफा १९ पासून ईएकडे. वर्ल्ड कपबद्दल हळहळ वाटत असेल तर ती खरी आहे, मलाही वाटते.

आता पेनड्राइव्ह. पेस २०२१ मध्ये पीएस४ वर ते आजही करता येतं. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा आणि त्यात सगळ्यात वरच्या पातळीवर डब्ल्यू-ई-पी-ई-एस या पाच कॅपिटल अक्षरांचा फोल्डर करायचा. ऑप्शन फाइल (चाहत्यांनी बनवलेला खरी नावं, लोगो आणि किटचा संच) मधल्या फाइली थेट त्यात टाकायच्या. फोल्डरच्या आत आणखी फोल्डर राहिला तर गेमला काहीच दिसत नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मग एडिटमधून इम्पोर्ट टीम. त्याच नावाच्या प्रतिमा बदलण्याच्या पर्यायावर खूण करा. खेळाडू आणि संघरचना लागू करण्याचा पर्याय मात्र विचार करून निवडा, नाहीतर तुम्ही हाताने केलेल्या बदल्या पुसल्या जातील. हे सगळं मास्टर लीग (क्लब सांभाळण्याचा मोड) सुरू करण्याआधी. एक्सबॉक्सवर प्रतिमा घेता येत नाहीत, म्हणजे लोगो आणि किट विसरा.

ईएच्या गेममध्ये कन्सोलवर असा बाहेरून लोगो आणण्याचा मार्गच नाही. पीसीवर मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) चालतात, पण ते ऑफलाइनपुरते ठेवा. मॉडसकट ऑनलाइन गेलात तर खातं बंद होण्याचा धोका आहे.

पैशांबद्दल तुमच्याशी मी सहमत आहे. कोणते क्लब बदललेल्या नावानं आहेत हे कव्हरवर आणि स्टोअरच्या पानावर ठळक लिहायलाच हवं. ते होईपर्यंत रिलीजच्या सुमारास ईए जाहीर करते ती क्लबांची यादी उघडा आणि सेरी आ या इटालियन लीगमधली नावं एकेक करून वाचा. ‘बेर्गामो काल्चो’ म्हणजे अटालांटा, ‘लॅटियम’ म्हणजे लाझिओ. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा इतरत्र जुनी डिस्क घेत असाल तर आणखी तीन गोष्टी. फिफा १४ ते फिफा २३ हे गेम सप्टेंबर २०२३ मध्ये डिजिटल स्टोअरवरून काढले गेले, त्यामुळे नव्यानं घ्यायचे तर डिस्कच शोधावी लागते. सर्व्हर बंद झालेल्या आवृत्तीत स्क्वॉड अपडेट मिळत नाही, डिस्कवर जे आहे तेच. आणि निन्टेन्डो स्विचच्या डब्यावर ‘लेगसी एडिशन’ दिसलं तर खेळ जुनाच आहे, फक्त संघ आणि किट ताजे केलेत.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘एफसी पुणे सिटी’ का नाही? इंडियन सुपर लीग आली फिफा २२ मध्ये, आणि बालेवाडीत खेळणारा आपला क्लब २०१९ मध्येच बंद झाला. त्याची जागा हैदराबादनं घेतली. त्यामुळे ईएच्या कुठल्याच आवृत्तीत तो अधिकृतपणे नाही. पेस २०२१ मध्ये मात्र एखादा बिनकामाचा संघ घेऊन तो उभा करता येईल: लोगो ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा पीएनजी, किट २०४८ बाय २०४८. खेळाडू एकेक करून हातानं भरावे लागतील.