नारळ वेगळा आणि खोबरं वेगळं

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे, पण अजून मनातून जात नाही म्हणून आज लिहून टाकतेय. धाकट्या बहिणीचं बाळंतपण बंगळूरला होतं आणि आई तिकडे जायला निघाली होती. वय ७१, एकटीने विमानाचा पहिलाच प्रवास. बाळंतिणीला लाडू करून घालायचे म्हणून बॅगेत डिंक, खारीक, आळीव, गोडंबी आणि दोन किलो राजापुरी खोबऱ्याच्या वाट्या, एकेक वाटी वास घेऊन निवडलेली. आळिवाला ओला नारळ लागतो तो बंगळूरला ढीगभर मिळतो म्हणून तो मुद्दाम घेतला नव्हता.

काउंटरवरच्या मुलीने भराभर विचारलं, पॉवर बँक, लायटर, ड्राय कोकोनट? आई म्हणाली, नारळ नाहीये गं बाळा. आणि ते शंभर टक्के खरं होतं, बॅगेत नारळ नव्हताच! पंधरा मिनिटांनी बॅग मशीनवर अडकली, आईला परत बोलावलं, सगळ्यांसमोर बॅग उघडली आणि वाट्या बाहेर काढल्यावर तिथला माणूस म्हणाला की आजी, तुम्ही खोटं का बोललात.

आईला खोबरं गेल्याचं एवढं वाईट वाटलं नाही, खोटं बोललीस म्हटल्याचं वाटलं. फोनवर मला एकच वाक्य परत परत सांगत होती, अगं तिने नारळ विचारला, खोबरं कुठे विचारलं.

आपल्या भाषेत शहाळं वेगळं, नारळ वेगळा, ओलं खोबरं वेगळं, सुकं खोबरं वेगळं. ओटीत नारळही असतो आणि खोबऱ्याची वाटीही असते, आणि कुठलीच बाई त्या दोघांना एक म्हणणार नाही. इंग्रजीत सगळं कोकोनट. आणि नेमका हाच फरक विमानाच्या नियमातही आहे, तिथे नारळाला एक न्याय आणि खोबऱ्याला दुसरा! म्हणजे माझ्या आईच्या डोक्यातली वर्गवारी नियम करणाऱ्यांच्या वर्गवारीशी तंतोतंत जुळत होती, फक्त मधल्या माणसाने प्रश्न चुकीच्या शब्दात विचारला.

सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत नको हा नियम चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट त्या रात्री मी शोधत बसले आणि कारण वाचून अंगावर काटा आला. सुक्या खोबऱ्यात ६० टक्क्यांहून जास्त तेल असतं. ते थोडं दमट राहिलं आणि बंद जागेत दाबून ठेवलं की आतल्या आत तापायला लागतं, आणि तापत तापत बाहेरून ठिणगी न लागताही पेटू शकतं. म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत खोबऱ्याला स्वतःचा नंबर आहे, यूएन १३६३, आणि त्याचा वर्ग आहे आपोआप पेट घेणाऱ्या वस्तूंचा. आता विमानाच्या पोटात, जिथे उडाल्यावर कुणी माणूस जाऊ शकत नाही, तिथे अशी बॅग नको हे कुणालाही पटेल. आईलाही पटलं, मी सांगितल्यावर दोन मिनिटांत पटलं. गोदामात शेंगपेंडीची पोती आतून गरम होतात तसंच ना, असं तीच म्हणाली. तिला कारण कळायला काहीच अडचण नव्हती, तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

आख्खा नारळ मात्र चेक-इनच्या बॅगेत चालतो, हातातल्या बॅगेत चालत नाही. आणि त्यालाही अपवाद आहे बरं का. केरळातल्या शबरीमलैला जाणारे भाविक डोक्यावर इरुमुडी, म्हणजे पूजेच्या सामानाचं गाठोडं, घेतात, त्यात तुपाने भरलेला नारळ असतो, आणि तो सामानात टाकणं त्यांना कसं चालेल? तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने परवानगी दिली की २० जानेवारी २०२५ पर्यंत हे भाविक नारळ हातात घेऊन बसू शकतात, फक्त एक्स-रे, स्फोटकांची तपासणी आणि हाताने तपासणी, तिन्ही झाल्यावर. मला हे फार आवडलं. माणसांचं म्हणणं ऐकलं, मुदत ठरवली, तपासणी वाढवली आणि वाट काढली.

कृपाणाचं पण तसंच. चाकू-कात्री काढून घेतात त्याच दारातून शीख प्रवासी कृपाण घेऊन जातो आणि मागे उभे असलेले लोक कुजबुजतात, हे मी स्वतः ऐकलंय. अरे बाबांनो, कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग आहे हे राज्यघटनेच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. आणि विमानातही मोकळं रान नाहीये, पातं ६ इंचांपेक्षा मोठं नको, एकूण लांबी ९ इंचांपेक्षा जास्त नको, आणि हे फक्त देशातल्या देशात. दोन ओळी आहेत सगळ्या, पण त्या माहीत नसल्या की शेजारच्या माणसाबद्दल मनात किल्मिष येतं.

बाहेरच्या देशात तर काय काय चालतं. माझी मावसबहीण दोहाला असते, तिच्या रांगेत एकदा हातावर ससाणा घेतलेला माणूस बसला होता, डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेला ससाणा! कतार एअरवेजचा तसा नियमच आहे, इकॉनॉमीत एका प्रवाशाला एक ससाणा आणि एका विमानात जास्तीत जास्त सहा. अमेरिकेत जिवंत लॉबस्टर सुरक्षा तपासणीतून नेता येतो, भांडं पारदर्शक आणि न सांडणारं पाहिजे. ज्या लोकांचा जीव ज्यात अडकलेला असतो ते विमानात बसतंच, तिथले नियम त्याची सोय करतात. मग आमच्या बायकांचं खोबरं, भाजणी, गोडा मसाला, पेणचे गणपती परदेशी नेताना लागणारी माहिती, हे कुणी नीट मराठीत का मांडत नाही?

तीन वर्षांपूर्वी मी वडिलांच्या अस्थी विमानाने आणल्या. दिल्लीला भावाकडे गेले होते ते, तिथेच गेले, आणि रामकुंडावर विसर्जन व्हावं ही त्यांची इच्छा. अस्थी नेता येतात का हे विचारायची सुद्धा हिंमत होत नव्हती, कुणी नाही म्हणालं तर काय करायचं. एअरलाइनला फोन केला तर त्यांनी मृत्यूचा दाखला आणि स्मशानाची पावती जवळ ठेवा म्हणून सांगितलं. शेजारच्या काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती फार मोलाची ठरली, जाड धातूचा कलश घेऊ नका, एक्स-रेत आतलं दिसत नाही, मग उघडा म्हणतील. आम्ही मातीचं मडकं घेतलं, पांढऱ्या कापडात बांधलं. मशीनपाशी जवानाला सांगितलं तर त्याने वेगळा ट्रे आणला, पुढचा-मागचा पट्टा मोकळा केला आणि मडकं पलीकडे आल्यावर स्वतः दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिलं. एक शब्द बोलला नाही. तो माणूस मला आयुष्यभर आठवेल.

म्हणून मला सगळ्या यंत्रणेवर राग काढायचा नाहीये. तिथे माणसं चांगली असतात, नियमांना कारणं असतात. माझं म्हणणं एवढंच की तिकीट काढतानाच प्रवाशाला त्याच्या भाषेत, त्याच्या शब्दात आणि कारणासकट सांगा. पॉवर बँकचंच घ्या, निम्म्या लोकांना वाटतं धोक्याची आहे तर मोठ्या बॅगेत टाकावी, आणि नियम बरोबर उलटा आहे, ती हातातच ठेवायची, कारण बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कुणाला तरी दिसेल आणि विझवता येईल. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) चालते, म्हणजे नेहमीची २० हजार एमएएचची ७४ वॉट-अवरची, ती बसते. हे कारण एकदा ऐकलं की माणूस परत चुकत नाही.

बारशाला आई परत गेली तेव्हा खोबरं किसून, भाजून, लाडू घरीच वळून नेले. काउंटरवर कुणी विचारायच्या आधीच डबा उघडून म्हणाली, ह्यात भाजलेलं खोबरं आहे, वाट्या नाहीत. मुलगी नांदेडची निघाली, म्हणाली आजी जाऊ द्या, लाडवाला काही नाही. लाडू गेले.

मी आता घरगुती सामानाची एक यादी करतेय, मराठीत, काय हातात, काय मोठ्या बॅगेत, काय अजिबात नाही आणि का. तुमच्या सामानातून काय काढलं गेलं आणि त्याला तुमच्या गावाकडे काय म्हणतात ते खाली लिहा. म्हणजे विदर्भात, कोकणात, खानदेशात जो शब्द चालतो तोच यादीत येईल.