जुने होतात मला

आज संध्याकाळी पोराच्या पायातला मोजा निघेना. टाचेला चिकटून बसला होता. जरासा ओढला तर तो कळवळला. शेवटी कोमट पाण्यात पाय बुडवून बसवलं, पाच-सात मिनिटांनी मोजा हळूहळू सुटला आणि खाली जे दिसलं ते बघून माझ्या पोटात खड्डा पडला. फोड येऊन, फुटून, त्यावर पुन्हा घासून घासून टाचेची साल निघालेली. दुसऱ्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं. वय वर्षं ९.

"कधीपासून रे हे?"

"थोडंसंच आहे."

कधीपासून ते सांगेचना. खूप वेळाने, मान खाली घालून, बोटं मोजून सांगितलं. बारा दिवस.

हे बारा दिवस कसे झाले ते लिहिते, कारण लिहिल्याशिवाय आज झोप लागायची नाही. याचे शाळेचे बूट घट्ट व्हायला लागले होते. दोन महिन्यांत पोरगं ताडासारखं वाढलंय. शाळेने ठरवून दिलेल्या दुकानात गेलो, तर याचं माप संपलेलं. "पुढच्या आठवड्यात या." घरात त्याचे खेळायचे काळे बूट होते, एक नंबर मोठे, स्वच्छ, वरून पूर्ण काळे. फक्त तळव्याची कड पांढरी. म्हटलं, आठवडाभराचाच प्रश्न आहे, घाल हेच.

पहिल्याच दिवशी सकाळच्या रांगेतून याला बाहेर काढलं. सोबत आणखी सहा-सात मुलं होती, कुणाचे केस कानावर आलेले, कुणाच्या वेणीला काळ्याऐवजी निळी रिबीन. सगळी शाळा समोरून आपापल्या वर्गात जाईपर्यंत ह्यांनी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. डायरीत लाल शाईत शेरा आला, "अयोग्य बूट. पालकांनी नोंद घ्यावी." मी नोंद घेतली. सही केली आणि खाली नीट दोन ओळी लिहिल्या, की माप उपलब्ध नाही, कृपया आठवडाभर मुभा द्यावी. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा जुने बूट घालून दारात तयार. म्हणाला, "आई, जुने होतात मला."

मी विचारलं, "नक्की?"

तर लिफ्टपर्यंत चालत गेला, परत आला. चालून दाखवलं मला. लंगडला नाही, तोंड वाकडं केलं नाही. मला ऑफिसला उशीर होत होता आणि मी विश्वास ठेवला. आता राहून राहून तेच चालणं डोळ्यांपुढे येतंय. किती जपून टाकली असतील ती पावलं.

आज मोजा निघाल्यावर लगेच डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, या वयात पायाची हाडं पुरती पक्की झालेली नसतात, काही भाग अजून कूर्चेचा असतो, मऊ. त्यामुळे बूट लहान झाला तरी मुलांना तो मोठ्यांइतका पटकन टोचत नाही, पाय बिचारा त्यातच मावून घेतो. बोटांच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी, आणि ती आपण दाबून बघायची, मुलाला विचारायचं नाही. मी विचारत बसले होते.

पण मला एक सांगा. नऊ वर्षांचं पोर बूट विकत घेतं का? पैसे त्याच्याकडे असतात का? चूक झालीच असेल तर ती माझी, त्याच्या बाबांची, नाहीतर त्या दुकानाची. मग भिंतीला पाठ लावून तो का उभा? मला फोन करा. मला बोलावून घ्या, मला उभं करा त्या भिंतीपाशी, मी राहते. पण मला कुणी काही म्हणणार नाही, कारण मी मोठी आहे, उलट बोलेन. पोर उलट बोलत नाही. पोर दुसऱ्या दिवशी घट्ट बूट घालून येतं.

गणवेश नको असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कमेंटमध्ये तेच येईल. गणवेश नसता तर वर्गात कुणाचे कपडे महागाचे आणि कुणाचे उतरलेले हे रोज दिसलं असतं. मान्य. एकेका बाईंना पन्नास-पन्नास मुलं सांभाळायची असतात, प्रत्येकाची अडचण ऐकत बसायला वेळ नसतो, तेही मान्य.

पण शाळेच्या गणवेशाची सुरुवात कुठे झाली माहिती आहे का? लंडनमध्ये १५५२ साली क्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची शाळा सुरू झाली, अनाथ आणि गरीब मुलांसाठी. त्यांना तिथे लांब निळे कोट दिले. दिले! मुलांकडे अंगावर घालायला नव्हतं म्हणून दिले. आजही त्या शाळेत तेच निळे कोट घालतात, आणि आजही ते शाळाच देते. तिथून निघालेली गोष्ट आज इथे येऊन पोचलीये, की आम्ही एकाच दुकानासमोर रांग लावायची, त्याच्याकडे माप नसेल तर पोराने पाय आखडून घ्यायचे. इंग्लंडमध्ये तर २०२१ साली यासाठी कायदाच करावा लागला, शाळेचं बोधचिन्ह असलेले कपडे कमीत कमी ठेवा आणि एकाच दुकानदाराच्या दावणीला पालकांना बांधू नका म्हणून. म्हणजे हे दुखणं सगळीकडचंच आहे.

त्याच देशात २०१७ च्या जून महिन्यात, एक्सेटर गावात, भयंकर उकाडा होता आणि मुलांना अर्ध्या चड्डीची परवानगी नव्हती. मुलींना स्कर्ट चालत होता. तर मुलं स्कर्ट घालून शाळेत गेली! नियमात बसतंय ना, मग घ्या. शाळेला पुढच्या वर्षीपासून अर्धी चड्डी चालेल असं म्हणावं लागलं. हे आज वाचलं आणि त्या मुलांचा मला इतका अभिमान वाटला. माझा मुलगा तेवढा मोठा नाही हो अजून. त्याला नियमातून वाट काढता आली नाही, त्याने फक्त पाय दुमडून घेतला.

आपल्या वेळीही गणवेश होताच की. माझा निळा स्कर्ट आई दरवर्षी वाढत्या अंगाचा शिवायची आणि खालची दुमड उसवून दोन वर्षं पुरवायची. उसवल्यावर जुन्या घडीची गडद निळी रेघ खाली दिसायची, कितीही इस्त्री केली तरी. मला तिची लाज वाटायची, मी दप्तर पुढे धरून चालायचे. चौथीच्या वर्गशिक्षिकांनी एकदा बघितलं. काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत जवळ बोलावलं आणि दप्तर माझ्या पाठीला अडकवलं, पट्टे नीट केले, आणि म्हणाल्या, "असं घ्यावं, खांदे दुखत नाहीत." बस. त्यानंतर मी दप्तर पुढे धरलं नाही. त्या बाई शिस्तीला फार कडक होत्या बरं का. सगळे टरकून असायचे त्यांना. पण त्यांची नजर आधी पोरावर जायची, कपड्यावर नंतर.

आज याच्या पायाचा फोटो मी पालकांच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर आलं, "नियम सगळ्यांना सारखाच असतो." दुसरं, "एकाला सूट दिली की उद्या सगळे मागतील." अहो, मागू देत की! किती जण मागतील? ज्यांचे पाय सोलवटलेत तेवढेच मागतील. बाकीच्यांना काय हौस आहे? नऊ वर्षांच्या मुलाची टाच समोर दिसतेय आणि तुम्हाला उद्याच्या रांगेची काळजी! माझे हात थरथरत होते वाचताना. फोन उलटा ठेवून दिला.

तासाभराने बघितलं तर चार जणींचे वेगळे मेसेज. ग्रुपवर नाही, मला एकटीला. एकीच्या मुलाला टेरीकॉटच्या शर्टाने मानेवर आणि काखेत पुरळ उठतं, त्वचेच्या डॉक्टरांनी सुतीच घाला म्हणून लिहून दिलंय, ती चिठ्ठी ऑफिसात देऊन महिना झाला. एकीची मुलगी सातवीत. खेळाच्या तासाचा गणवेश पांढराशुभ्र, आणि पाळीच्या दिवसांत ती पोर त्या दिवशी शाळेतच जात नाही, पोट दुखतंय सांगते. हिने एकदा विचारून बघितलं, गडद रंगाची पँट चालेल का. उत्तर मिळालं, "मग एकसारखेपणा काय राहिला?" बारा वर्षांच्या मुलीचा दर महिन्याला एखादा दिवस बुडतो, ते चालतं. पांढऱ्यात एक निळी दिसली तर चालत नाही.

आणि चौघींनीही शेवटी तेच लिहिलं होतं. ग्रुपवर माझं नाव घेऊ नकोस हं. पोराला त्रास होईल.

मला आधी रागच आला त्यांचा. ग्रुपवर एका ओळीने तरी सोबत केली असती तर काय बिघडलं असतं? मग फोन हातात धरून बसले असताना लक्षात आलं, की मी तरी काय केलं होतं? डायरीत "कृपया" लिहिलं, उत्तर आलं नाही, आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन उभी राहिले नाही. आम्ही सगळ्या आयाबाया गेली कित्येक वर्षं हेच करतोय. माप नसलं तरी चालवून घेतो, पुरळ आलं तर पावडर लावून पाठवतो, डायरीवर सही करतो. जुने होतात आम्हाला. चालून दाखवतो.

पोर हे शिकलं कुठून, असं मी मघाशी त्याच्या बाबांना विचारत होते.

ते म्हणतायत, उद्या चिठ्ठी दे, भांडू नकोस, त्याला अजून सहा वर्षं तिथेच काढायचीत. मलाही भांडायचं नाहीये. मला मुख्याध्यापकांच्या समोर बसून फक्त एवढंच विचारायचंय, की रांगेत बूट तपासतात तेव्हा आतल्या पायांची चौकशी कोण करतं? आणि शेरा मारायचाच असेल तर तो पालकांना फोनवर सांगा, मुलाला सगळ्यांसमोर बाजूला काढू नका. इतकी साधी गोष्ट आहे. यात शिस्त कुठे मोडते, मला खरंच कुणीतरी सांगा.

त्या चौघींना विचारलंय, येता का सोबत. एक हो म्हणालीये. सातवीतल्या मुलीची आई.

झोपायच्या आधी यानं विचारलं, "आई, उद्या कुठले घालू?" म्हटलं, सँडल. मागून उघडे आहेत, टाचेला लागणार नाही. तर किती वेळ गप्पच. मग म्हणाला, "मी शेवटी उभा राहतो, म्हणजे दिसणार नाहीत."

मी सांगितलं, तुझ्या जागेवर उभा राहा, मी गेटपाशीच आहे. त्याला पटलं की नाही माहीत नाही. पट्टी बांधलेला पाय पांघरुणाबाहेर काढून झोपलाय. सकाळी ती बदलायचीये, म्हणून नेहमीपेक्षा अर्धा तास आधीचा गजर लावलाय.