निराशावादी पुस्तकांपासून आपलं घर कसं वाचवाल

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, निराशावादी तत्त्वज्ञान आणि भयकथा हे दोन्ही प्रकार चांगल्या मराठी घरात शोभत नाहीत, आणि बडोद्यातल्या मराठी घरात तर नाहीच नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मग अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या साहेबाला बोलावून गावोगावी लायब्रऱ्या काढायला लावल्या, ते काय तुम्ही रात्री अडीचला दिवा जाळत 'जन्मालाच आलो नसतो तर बरं झालं असतं' असलं काहीतरी वाचत बसावं म्हणून? वाचायचं ते पुढे जाण्यासाठी. पहाटे पाचला उठण्याचे फायदे, करोडपतींच्या सवयी, मनाची शक्ती, अशी पुस्तकं घ्या. ती वाचून कोणी करोडपती झालेला अजून आपल्या दांडिया बाजारात दिसलेला नाही, पण तो भाग वेगळा, मन तरी प्रसन्न राहतं ना, निदान पुढचं पुस्तक घेईपर्यंत.

घरात कोणाला हा नाद लागलाय का ते कसं ओळखायचं? सोपंय. 'केम छो' विचारल्यावर जो 'मजामां' म्हणायच्या आधी अर्धा सेकंद थांबतो, तो वाचतोय समजा.

त्याला लगेच घरातल्या मोठ्यांसमोर उभा करा. आमच्याकडे काकू आहेत, त्यांचं या बाबतीत एकदम क्लिअर आहे, असली पुस्तकं आणली की घरात निगेटिव्हिटी शिरते. आणि काकूंना अधिकार आहे बोलायचा, कारण आजी गेली तेव्हा रोज संध्याकाळी गुरुजी यायचे गरुडपुराण सांगायला आणि काकू पहिल्या रांगेत हात जोडून बसायच्या. वैतरणी नदी, शंभर योजनं रुंद, पाण्याच्या जागी पू आणि रक्त, काठावर हाडांचे ढीग, केसांचं शेवाळ, आत भल्यामोठ्या मगरी, आणि पापी माणूस त्यात गटांगळ्या खात लेकरांची नावं घेऊन रडतोय. मामा हळूच पुटपुटले, 'हे तर विश्वामित्री नदीवरच्या कालाघोडाच्या पुलाखालचं झालं.' काकूंनी डोळे वटारले, मग खुणेनेच सुनेला सांगितलं बटाटे उकडायला टाक, आणि परत हात जोडले. समोर भाचा बसला होता, आठवीतला, मोबाइल मांडीवर उलटा ठेवून तोंड उघडं टाकून ऐकत होता, इतका एकाग्र मी त्याला दहावीच्या क्लासच्या फीवरून भांडणं चालली होती तेव्हापण पाहिला नाही. महिनाभराने त्याच भाच्याच्या दप्तरात लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराचं पुस्तक सापडलं तर काकू म्हणाल्या, 'शी, मुलांच्या मनावर काय परिणाम होत असेल!'

तर मुद्दा असा की भीती हवी, पण ती तेराव्याला लाडूबरोबर संपणारी हवी.

भयाचीच हौस असेल तर पुस्तकावर पैसे कशाला घालवता, आपण बडोद्यात राहतो. विश्वामित्री शहराच्या मधोमध वाहते, तिच्यात शेकडो मगरी राहतात, आणि २०१९ च्या आणि २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये येऊन गेल्या, पार्किंगमध्ये, अंगणात, छपरावर. २०२४ ला तर दोघं जण स्कूटरवर मगर आडवी घेऊन वनखात्याकडे चाललेत असा व्हिडिओ अख्ख्या देशाने पाहिला. लव्हक्राफ्टने १९२८ मध्ये एक समुद्रातला राक्षस छापून आणला, ज्याच्या नुसत्या दर्शनाने माणसं वेडी होतात. आपल्याकडे समोर मगर दिसली की माणूस आधी फोन काढतो आणि मग मागच्याला सांगतो, 'भाई, जरा साइडला हो, फ्रेममध्ये येतोयस.' अशा जनतेला भयकथा काय शिकवणार? (आणि लव्हक्राफ्टबद्दल एक सांगून टाकतो, परक्या लोकांबद्दल त्याच्या पत्रांत जे भरलंय ते वाचून किळस येते. त्याचे राक्षस बरे म्हणायची पाळी येते. पण विश्वाला आपलं काहीएक पडलेलं नाही ही थंडगार जाणीव त्याच्याइतकी कोणी पानावर उतरवली नाही, हेही खरंय.)

आता तत्त्वज्ञानाकडे या. कोणी शोपेनहाउअर या जर्मन निराशावादी तत्त्ववेत्त्याचं नाव काढलं तर ताबडतोब 'हे सगळं पाश्चात्त्य फॅड आहे, आपली संस्कृती आनंदवादी आहे' असं ठणकावून सांगा. फक्त त्यांनी पुढचं वाचलेलं नसावं एवढी खबरदारी घ्या. कारण भानगड अशी की १६५७ मध्ये दारा शुकोहने उपनिषदं फारसीत करून घेतली, त्यावरून आंकतील द्यूपेराँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८०१-०२ मध्ये लॅटिन केलं, आणि ते लॅटिन पुस्तक या जर्मन म्हाताऱ्याने आयुष्यभर उशाशी ठेवलं, हाच माझ्या जगण्याचा दिलासा आणि मरणाचाही हाच असेल असं लिहून ठेवलं आणि कुत्र्याचं नाव ठेवलं आत्मा. म्हणजे माल आपल्याच घरचा, फक्त लांबून फिरून आला तर ओळखू येईना. तुकोबांनी सुख जवाएवढं आणि दुःख पर्वताएवढं हे आधीच सांगून ठेवलंय, पण ते अभंगात आहे, टाळ वाजत असतात, त्यामुळे चालतं. टाळाशिवाय म्हटलं की डिप्रेशन.

आणि हे निराशावादी जगतात कसे ते दाखवून त्यांची पोल खोला. शोपेनहाउअरने १८२० ला बर्लिनमध्ये मुद्दाम हेगेल या तेव्हाच्या गाजलेल्या तत्त्ववेत्त्याच्याच वेळेला आपलं लेक्चर लावलं, वर्ग जवळजवळ रिकामा राहिला. मोठा ग्रंथ खपेना, प्रकाशकाने बराचसा रद्दीत घातला. मग फ्रँकफुर्टमध्ये राहून रोज भरपेट जेवण, रोज बासरी, रोज कुत्र्याला फिरवणं, असं करत बहात्तरपर्यंत जगला. नीत्शे या दुसऱ्या जर्मन तत्त्ववेत्त्याने यावरून त्याची टर उडवली आहे, जेवण झाल्यावर बासरी वाजवणारा हा कसला निराशावादी म्हणून. बरोबरच आहे. आपल्याकडचे पॉझिटिव्ह थिंकिंगचे गुरू बघा, दिवसभर आनंद वाटतात आणि रात्री कमेंट्स बंद करून झोपतात, याला म्हणतात सुसंगती.

सगळ्यात डेंजर माणूस मात्र वेगळाच आहे, पेटर वेसेल झापफे, नॉर्वेचा, १८९९ चा जन्म. याच्यापासून मुलाबाळांना लांबच ठेवा कारण हा समजतो. १९३३ मध्ये त्याने एक छोटा निबंध लिहिला, त्यात म्हणतो की एका जातीच्या जुन्या हरणाची शिंगं जशी वाढत वाढत इतकी जड झाली की मान वाकली, तसं माणसाचं भान गरजेपेक्षा जास्त वाढून बसलंय, आणि त्याचं ओझं वाटू नये म्हणून आपण चार युक्त्या करतो. पहिली, नको ते विचार बाहेरच ठेवायचे. दुसरी, कशाला तरी नांगर टाकून बसायचं, देव, देश, घराणं, काहीही. तिसरी, लक्ष दुसरीकडे वळवत राहायचं. चौथी, त्याच दुःखाची कला करायची. आता हा माणूस बडोद्याला कधी आला होता म्हणून कुठे वाचलेलं नाही, पण आमच्या मामांच्या घराचा नकाशा त्याच्याकडे गेला कसा ते कळत नाही. जेवताना आजारपणाचा विषय काढायचा नाही, ही झाली पहिली. फिक्स्ड डिपॉझिट, कुलदैवत आणि सोसायटीची कमिटी, दुसरी. तिसरीची तर आपल्या शहरात सरकारमान्य सोय आहे, नऊ रात्री, हजारो माणसं एकाच वर्तुळात गोल फिरतायत, आणि दहाव्या दिवशी सगळ्यांना एकदम कसंनुसं होतं तेव्हा कोणीतरी म्हणतं चला आता दिवाळीच्या फराळाचं बघू. मी हे सांगायला गेलो तर मामा म्हणाले, 'अरे मग चौथी तू करतोयस ना लिहून, झालं तर, बस की गप.' मामांनी झापफे वाचलेला नाही. नव्वदीपर्यंत जगला तो, आयुष्यभर डोंगर चढत होता, नातेवाईकांना हे अजिबात सांगू नका, ते लगेच ट्रेकिंगला पाठवतील.

मराठी भयकथा चालेल का, असं काहीजण विचारतात. धारप चालतील. धारपांच्या समर्थकथांत कितीही अमंगळ काही जागं झालं तरी शेवटी भुताखेतांशी लढणारे समर्थ येतात, अंगारा लागतो, माणसं घरी जाऊन चहा पितात. लहानपणी मी ती पांघरुणात वाचलीत, भीती वाटायची पण शेवटी कोणीतरी येणार याची खात्री असायची, आणि खरं सांगायचं तर ती खात्रीच विकत घेत होतो आपण. मतकरी जपून, त्यांच्याकडे घरातलंच कोणीतरी निघतं. जी. ए. कुलकर्णी अजिबात नको, धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या त्या माणसाने नियतीशी कोणाचीही तडजोड होऊ दिली नाही. आणि थॉमस लिगोटी तर अमेरिकेतला, त्याच्याकडे समर्थ येतच नाहीत, तिथे अंगारा लावणाराच बाहुला निघतो, आणि त्याने २०१० ला तत्त्वज्ञानाचं पुस्तक लिहिलं त्यात झापफेलाच पुढे बसवलंय. एक कबूल करतो, ते पुस्तक मधे मधे कंटाळवाणं आहे, तोच मुद्दा पंधरा वेळा येतो. कथा मात्र जबरी. अंधार सिद्ध करायला गेला की लेक्चर होतं, दाखवला की अंगावर येतो, हा फरक त्या कुळातल्या बऱ्याच लोकांना कळत नाही, काळे टीशर्ट घालून 'काहीच अर्थ नाही' म्हणत फिरणाऱ्यांना तर मुळीच नाही. त्यांना काकूंच्या ताब्यात द्या.

एक मात्र सिरियसली. आजारी असाल, झोप उडाली असेल, नको नको ते मनात येत असेल तर डॉक्टरांकडे जा, पुस्तक हे औषध नाही, हसवणारंही नाही आणि रडवणारंही नाही. पण तुमचं माणूस हॉस्पिटलात असताना ज्याने ज्याने तुम्हाला 'सब अच्छा होगा' पाठवलं आणि नंतर अच्छा झालं नाही तेव्हा ज्याचा फोन आला नाही, त्याचं नाव आठवा, आणि त्या रात्री कपाटातून कोणतं पुस्तक काढलं होतं तेही आठवा. करोडपतींच्या सवयी नसणार.

असो. एवढं सगळं सांगूनही वाचायचंच असेल तर माझं नाव न सांगता चिओरानपासून सुरू करा. आजच्या रुमानियात जन्मला, पॅरिसमध्ये राहिला, जन्माला येणं ही केवढी गैरसोय आहे यावर १९७३ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं आणि मग आणखी बावीस वर्षं ती गैरसोय सोसली. तुकडे छोटे छोटे असतात, चहाला उकळी फुटेपर्यंत एक होतो, आणि काकू आल्याच तर पटकन मिटून खाली भाग्योदयाचा अंक धरता येतो.