स्वादुपिंडाचा कॅन्सर आणि अननसाचा रस

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: स्वादुपिंडाच्या कॅन्सरभोवती तंतूंचं कवच असतं, डॉक्टर ते फोडत नाहीत, एकवीस दिवस अननसाचा रस घ्या, कवच विरघळून गाठ मरेल, बायोप्सी करू नका, सुई लागली की कॅन्सर पसरतो. अशोक चौकात आमच्या काकांच्या घरी गेलो तर ओट्यावर रसाचे दोन ग्लास, शेजारी साखर मोजायचं यंत्र, आकडा ३१२. म्हणून लिहितोय.

कवचाची गोष्ट अर्धीच खरी. या गाठीत कॅन्सरच्या पेशींपेक्षा त्यांना आधार देणारं तंतुमय ऊतकच बहुधा जास्त असतं. पण ते वरून चढवलेलं टरफल नव्हे. चादरीत उभ्या धाग्यांतून आडवा धागा जावा, तसं ते गाठीत विणलेलं असतं. विणणाऱ्या पेशींपैकी बऱ्याच स्वादुपिंडातल्याच, ताऱ्याच्या आकाराच्या. एरवी त्या अ जीवनसत्त्वाचे थेंब साठवून गप्प बसलेल्या असतात. कॅन्सरने चेतवलं की ते थेंब जातात आणि त्या कोलॅजन, म्हणजे तंतूंचं प्रथिन, तयार करत सुटतात. मग रक्तवाहिन्या दबतात, औषध आत नीट पोचत नाही.

'डॉक्टर फोडत नाहीत' हे तर साफ खोटं. २००९ साली उंदरांत हे ऊतक औषधाने कमी केलं, तेव्हा केमो जास्त पोचली. तेच औषध माणसांना दिलं आणि २०१२ मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांचा आजार उलट बळावत होता. २०१४ मध्ये या पेशीच काढून टाकलेल्या उंदरांत गाठ जास्त आक्रमक झाली. म्हणजे यातल्या काही पेशी गाठीला पोसतात, तर काही तिला आवरून धरतात! सरसकट फोडाफोड करून चालत नाही, हे रुग्णांच्या जिवावर शिकलेलं आहे. पुढे या ऊतकातला एक घटक विरघळवणारं एन्झाइम थेट शिरेतून देऊन पाहिलं. २०१९ च्या मोठ्या चाचणीत त्यानेही आयुष्य वाढलं नाही. तिथे पोटात गेलेला रस काय करणार? या आजारात साखर आधीच चढते, ती तेवढी आणखी चढेल.

राहिली बायोप्सी. सुईने कॅन्सर पसरण्याची शक्यता फार कमी. थेट ऑपरेशन होणार असेल तर कधी कधी बायोप्सी लागत नाही, पण केमोआधी तुकडा तपासावाच लागतो.

या रसापायी काकांची तपासणी तीन आठवडे लांबली. उद्या सकाळच्या एसटीने मी त्यांना तपासणीसाठी बार्शीला घेऊन जातोय.